संक्रांत आली की झुडपं मान टाकतात: मुंबईच्या हिवाळ्यात बागेचं नेमकं काय बिघडतं

दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो येतो. कुणाच्या जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळताहेत, कुणाचा मुसांडा उघडाबोडका झालाय, कुणाच्या तगरीची पानं पिवळी पडताहेत. खाली प्रश्न ठरलेला असतो, "खत कोणतं घालू?" उत्तरंही ठरलेली. कुणी शेंगदाण्याची पेंड सांगतं, कुणी युरिया, कुणी चहाचा चोथा, कुणी ताक. संक्रांतीपर्यंत त्यातली बरीच झुडपं गेलेली असतात. मग नर्सरीतून नवी येतात आणि पुढच्या डिसेंबरला पुन्हा तेच फोटो.

मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारातली बाग मी गेली चौदा वर्षं बघते. पहिली काही वर्षं मीही खतच घालत बसले. आता एवढं खात्रीने सांगते, की या दिवसांत मलूल झालेल्या झुडपाला खत हा उपाय जवळजवळ कधीच नसतो. आधी माती बघा, मग ऊन बघा, मग पानांची मागची बाजू. आणि या तिन्ही ठिकाणी काही सापडलं नाही, तर झाड आजारी नाही, ते झोपलंय, हे मान्य करा.

"थंडीने गेलं" हे तर मुंबईत म्हणूच नये. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२चं. एरवी जानेवारीतली पहाट सोळा-सतरा अंशांची असते आणि दुपारी पारा तिशीपर्यंत जातो. एवढ्याने तगर, जास्वंद मरत नाहीत. बदलतं ते दुसरंच काहीतरी. ऑक्टोबरात पाऊस माघारी जातो, वारा फिरतो, समुद्राकडची दमट हवा जाऊन सकाळी जमिनीवरून कोरडा वारा वाहायला लागतो. दिवस आखडतो, डिसेंबरअखेर जेमतेम अकरा तासांचा उरतो. सूर्य दक्षिणेला कलतो. पानांवर धूळ बसते आणि ती धुवायला पाऊस नसतो. झाडाची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. आपण मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात लागलेली रोजच्या पाण्याची सवय तशीच चालू ठेवतो.

आधी माती उकरून बघा

आमच्याकडे गेटपासून जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपर्यंत तगरीचं कुंपण होतं, अठरा झुडपं. एका डिसेंबरात टाकीच्या बाजूची पाच झुडपं पिवळी पडायला लागली. वरची माती भुरभुरीत, अगदी पांढरट दिसत होती, म्हणून वॉचमनकाकांना मीच सांगितलं की जरा जास्त पाणी सोडा. ते बिचारे रोज सकाळी पाइप लावून ठेवायचे. पंधरा दिवसांनी त्यातलं एक झुडूप धरून हलवलं, तर ते सरळ हातात आलं. मुळाला बोट लावलं आणि त्याची साल मोज्यासारखी सरकून आली, आत नुसती तपकिरी तार उरली. खड्ड्यातून तुंबलेल्या गटारासारखा वास आला. वर दोन इंच धूळ आणि खाली चिखल होता. त्या वाफ्याखाली टाकीचा स्लॅब, त्यावर बांधकामाचं डेब्रिज आणि त्यावर फूटभर माती. पाणी जायला वाटच नव्हती. पावसाळ्यात झाडं जोमात वाढत असल्याने ते कसंबसं निभत होतं, हिवाळ्यात पाणी ओढणारं कुणी उरलं नाही.

पाचही झुडपं गेली. ती चूक माझी होती आणि त्यानंतर मी डोळ्यांनी माती बघून पाणी घालणं कायमचं सोडलं.

उपाय साधा आहे. उदबत्ती जळून गेली की तिची उरलेली काडी फेकू नका. कुंडीच्या कडेने ती मातीत पूर्ण खुपसा, पाच मिनिटांनी बाहेर काढा. काडी ओली असेल, तिला माती चिकटून येत असेल, तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी आली तर भरपूर घाला, तळातून निथळेपर्यंत. जमिनीतल्या झुडपांसाठी विणकामाची लांब सुई चालते. माझ्याकडे जमिनीत रुजलेल्या झुडपांना डिसेंबर-जानेवारीत पाच ते सात दिवसांनी एकदा पाणी पुरतं, आठ-दहा इंची कुंड्यांना दोन-तीन दिवसांनी. पण हे आकडे डोळे मिटून घेऊ नका. बाराव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बाल्कनीत वारा इतका लागतो की कुंडी एका दिवसात वाळते. ऐन फुलावर असलेल्या गुलाब-शेवंतीलाही पाणी तोडायचं नसतं. काडी काय सांगते ते ऐका.

नर्सरीतून आणलेलं झाड असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. मुंबईत विकायला येणारी पुष्कळ रोपं पुण्याकडून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. आपण तो तसाच कुंडीत ठेवतो, भोवती आपली हलकी माती भरतो. पाणी त्या हलक्या मातीतून खाली निघून जातं आणि गोळा आतून दगडासारखा कोरडा राहतो. काडी बाहेरच्या मातीत घातली तर ओली निघते आणि झाड मात्र तहानेने सुकतं. काडी गोळ्यातच घाला. लावण्यापूर्वी असा गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा आणि त्याच्या कडा बोटांनी हलक्या हाताने सैल करा.

पानांच्या कडा नुसत्या करपल्या असतील आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली असेल, तर पाण्यातले क्षार बघा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी यांतले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात, नोव्हेंबरपासून साठत जातात. महिन्यातून एकदा कुंडीला नळाचं गोडं पाणी भरपूर देऊन खालून वाहू द्या. आरओचं पाणी मी फरशी पुसायला वापरते, कुंड्यांना घालत नाही.

ऊन कुठे गेलं?

याचा विचार फार कमी लोक करतात. मे महिन्यात मुंबईत सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, त्या महिन्यात एक दिवस सावली पायाखालीच राहते. डिसेंबरअखेर तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच येतो, दक्षिणेकडून तिरपा. २१ मीटर उंच, म्हणजे साधारण सात मजली इमारतीची सावली मग भर दुपारीदेखील उत्तरेला १९ मीटरपर्यंत पडते. इमारतीच्या उत्तरेचा वाफा मे महिन्यात उन्हात न्हालेला असतो आणि नोव्हेंबर ते जानेवारी त्याला उन्हाचा कवडसाही मिळत नाही.

आता दक्षिणेला एखादा टॉवर नव्याने उभा राहिला, की हा फरक पहिल्यांदा बागेला कळतो, आणि तोही फक्त हिवाळ्यात. "गेल्या वर्षीपर्यंत चांगली फुलायची" असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते, शेजारी रीडेव्हलपमेंट झालंय का? डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता बागेचे तीन फोटो काढा. कोणत्या वाफ्याला चार तासही ऊन मिळत नाही ते कळेल. तिथे जास्वंद, एक्झोरा, बोगनवेल यांच्यावर कितीही मेहनत घेतली तरी हिवाळ्यात ती फुलणार नाहीत. तिथे अबोली किंवा अडुळसा लावा. दक्षिणेच्या बाल्कनीत याच्या उलट होतं, हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं. कुंड्या हलवता येत असतील तर नोव्हेंबरात त्यांच्या जागा बदला, फेब्रुवारीअखेर परत आणा.

जास्वंदीचा कापूस

कळ्या गळणं, शेंड्याची पानं मुठीसारखी आखडून जाणं, पानांवर चिकट थर आणि त्यावर काळी काजळी. पान उलटं करा, कळीच्या देठाच्या बेचक्यात बघा. कापसाचा बोळा अडकल्यासारखं पांढरं काही दिसलं, की तो पिठ्या ढेकूण. मुंबईतल्या जास्वंदीचं हिवाळ्यातलं हे सगळ्यात चिवट दुखणं. पावसाळ्यात सरींच्या माऱ्याने तो धुऊन जातो, कोरड्या हवेत बिनधास्त वाढतो. त्यातली गुलाबी जात रस शोषताना लाळेतून जे सोडते त्यानेच शेंडा वाकडातिकडा होतो. असा शेंडा पुन्हा सरळ होत नाही. तो वाचवत बसू नका, खालच्या निरोगी पेरापर्यंत कापा आणि पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. खतासाठी ठेवलेल्या पाल्यात तर चुकूनही नको. एका मादीच्या कापसात शेकडो अंडी असतात.

उरलेल्या झाडावर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारा, पानांच्या खालून वर. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन मिली भांडी घासायचं लिक्विड नीट घुसळून संध्याकाळी फवारा. ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, साबणाशिवाय नुसतं तेल त्यावरून ओघळून जातं. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा, पानं होरपळत नाहीत ना बघा. नंतर दर सात दिवसांनी असे तीन फवारे. लोक एकदा मारतात, कापूस गेलेला दिसला की थांबतात आणि अंड्यांतून नवी फौज बाहेर येते. बाजारातली विषारी औषधं मी वापरत नाही. आमच्याकडची फुलं रोज सकाळी चार-पाच घरांच्या देव्हाऱ्यात जातात, मुलं त्याच झाडाखाली खेळतात.

आणि मुंग्या. हे सगळं करूनही ढेकूण दरवर्षी परत येत असेल तर खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग शोधा. ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, एका फांदीवरून दुसरीवर उचलून नेतात. आमची रांग कंपाउंडच्या भिंतीला टेकलेल्या एकाच फांदीवरून येत होती. ती फांदी कापली, खोडाला कापडी पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन चोपडलं आणि त्या वर्षी पहिल्यांदा फेब्रुवारीत जास्वंदीला फुलं मोजता येणार नाहीत इतकी आली.

फवारण्यापूर्वी एक मिनिट थांबून नीट बघायचंय. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा किडा आकाराने मोठा, अंगावर लांब लांब मेणाचे झुपके असलेला आणि चांगला भरभर चालणारा दिसला, तर तो ढेकूण नसण्याची शक्यता आहे. ढेकूण खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या एका जातीची अळी हुबेहूब तशीच दिसते. या जातीचं नाव क्रिप्टोलीमस, ती मूळची ऑस्ट्रेलियाची, भारतात १८९८ साली झाडांवरची कीड आटोक्यात ठेवायला आणलेली. अशा अळ्या दिसल्या तर त्या फांदीवर काही मारू नका, आठ-दहा दिवस त्यांना काम करू द्या.

शेंडे इतके कोवळे का असतात, हाही प्रश्न स्वतःला विचारा. ऑक्टोबरात जास्वंद छाटली आणि वर युरिया किंवा पेंड दिली, की नेमकी कोरड्या हवेच्या तोंडावर लुसलुशीत फूट येते, ढेकणाला आणि मावा या रस शोषणाऱ्या किडीला जेवणाचं पान वाढल्यासारखी. मी जास्वंदीची मोठी छाटणी पहिल्या पावसावर करते. दिवाळीनंतर फार तर वाळलेल्या काड्या काढते. गुलाबाचं वेगळं आहे, त्याची छाटणी ऑक्टोबरातच हवी, दीड महिन्यात फुलं येतात.

पानं फिकट, बारीक ठिपक्यांची, धुळकट दिसत असतील तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले लालसर कण चालायला लागले तर ती लाल कोळी नावाची कीड. धूळ आणि कोरडी हवा तिला मानवते. आठवड्यातून दोनदा सकाळी पानं खालून-वरून धुतली की सहसा आटोक्यात येते.

जे आजारी नाही त्याला औषध नको

मुसांड्याची पानं डिसेंबरपासून गळतात. जानेवारीत नुसत्या काड्या उरतात आणि लोक घाबरून पाणी वाढवतात, त्यानेच तो मरतो. काडीवर नखाने जरासं खरवडा. आत हिरवं असेल तर तो जिवंत आहे. पाणी निम्म्यावर आणा, फेब्रुवारीत फांद्या आखूड करा, मग शेणखत द्या. उन्हाळ्यापासून पावसाळाभर तो गुलाबी, मोतिया रंगाने भरून जातो.

मोगऱ्यालाही ही विश्रांती लागते. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी, जानेवारीअखेर छाटणी, उरलीसुरली पानं काढून टाकायची, मग खत आणि पाणी. थंडीत लाड केलेला मोगरा उन्हाळ्यात पानंच दाखवतो. बोगनवेलीचंही तसंच, तिला जरा तहान लागल्याशिवाय रंग येत नाही. पारिजातकाची पानं हिवाळ्याच्या शेवटी झडतात, त्याला काहीही करू नका.

पॉइन्सेटियाची तक्रार वेगळी असते. नाताळात लालभडक आणलेलं झाड पुढच्या वर्षी हिरवंच राहतं. आमच्याकडे दोन होती. गेटजवळचं दोन वर्षं हिरवं, टाकीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं डिसेंबरात लाल. माती तीच, पाणी तेच. फरक गेटवरच्या दिव्याचा होता. या झाडाला लाल व्हायला सलग बारा तासांहून जास्त काळोख, तोही काही आठवडे रोज लागतो. मध्ये दिवा लागला तर हिशोब पुन्हा पहिल्यापासून. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी सहाला वर खोका पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा, किंवा कुंडी सरळ अंधारात हलवायची. शेवंतीच्या कळ्याही रात्र मोठी झाल्यावरच धरतात, तीही दिव्याखाली ठेवू नका. पॉइन्सेटिया छाटताना हातमोजे घाला, त्याच्या चिकाने कातडी चुरचुरते.

मग लावायचं काय?

निम्मं दुखणं आपण झाड निवडतो तेव्हाच घरी येतं. नर्सरीत आज जे फुललंय तेच आपण उचलतो. डिसेंबरात खुलून दिसणारी पिटुनियासारखी झाडं मुंबईत होळीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. बागेत बाराही महिने काहीतरी फुललेलं हवं असेल, तर ज्यांचा स्वतःचा मोसमच हिवाळा आहे अशी झुडपं शोधायला हवीत आणि ती आपल्याकडे भरपूर आहेत.

माझं सर्वांत लाडकं कुंद. माघ शुद्ध चतुर्थीला तिलकुंद चतुर्थी म्हणतात, त्यातच त्याचा मोसम सांगितलेला आहे. मोगरा झोपलेला असतो तेव्हा कुंद पांढऱ्या चांदण्यांनी भरतं. वास मोगऱ्याइतका नाही, पण देवाला फुलं कमी पडत नाहीत. त्याला ऊन मात्र पूर्ण हवं आणि फुलं संपल्यावर कडक छाटणी हवी, नाहीतर फांद्या वेलीसारख्या लोळतात.

पिवळी कोरांटी दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत फुलते, पाणी कमी लागतं, आणि तिच्या काट्यांमुळे कुंपणाचं कामही होतं. लहान मुलांच्या वाटेवर लावू नका. अडुळसा आपण खोकल्याच्या काढ्यापुरताच ओळखतो, पण थंडीत त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्यांची जी गर्दी होते ती एकदा उभं राहून बघा. अर्ध्या सावलीत चालतो, म्हणून उत्तरेच्या वाफ्यांसाठी मी तोच सुचवते. अबोलीही अर्धसावलीत चालते, तिला मात्र पाण्याचा खंड सोसत नाही. पावडर पफची कळी आधी तुतीच्या फळासारखी दिसते आणि एका रात्रीत लाल पुंजका होऊन उघडते, सकाळी शिंजीर पक्षी हजर. धायटी आपल्या सह्याद्रीतलीच, साधारण जानेवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फांद्या लाल नळ्यांनी लगडतात. तिला उघडी, निचऱ्याची जागा आणि पसरायला मोकळीक हवी, कुंडीत कोंडू नये.

विकत घेण्यापूर्वी जागेवर बघून या. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासूनची आहे, तिथे जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचं फुलझाडांचं प्रदर्शन भरतं. प्रदर्शन छान असतंच, पण मला त्याहून उपयोगाची वाटते ती बागेतली एरवीची झाडं, जी वर्षभर तिथेच उभी असतात. धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचराभूमीवर उभं राहिलं, तिथली देशी झुडपं डिसेंबरात बघा. जे तिथे फुलतंय ते तुमच्याकडे फुलायला फार कौतुक लागणार नाही. नाव वहीत लिहून घ्या, सोबत महिना लिहा. लावायची घाई मात्र नको. जमिनीत लावायचं झुडूप जूनमध्ये लावा, पावसात मुळं खोल जातात आणि पहिला हिवाळा त्याला सोपा जातो. कुंडीत लावायचं असेल तर आता लावलं तरी चालेल.

टाकीजवळची ती तगरीची जागा आम्ही त्या उन्हाळ्यात उकरली. डेब्रिज बाहेर काढलं, स्लॅबच्या कडेने पाणी निघून जायला पाइप टाकला, माती दीड फुटांपर्यंत चढवली. पावसाळ्यात तिथे तीन कोरांट्या आणि एक अडुळसा लावला. वॉचमनकाकांनी उदबत्तीची काडी स्वतःच्या खुर्चीमागे खोचून ठेवली आहे, तपासल्याशिवाय पाइप सोडत नाहीत. वाफ्याचं उन्हातलं टोक अजून रिकामं आहे. तिथे धायटी लावायची की पावडर पफ, यावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. जूनपर्यंत वेळ आहे.